वहिनींची गिटार

खोका फारच छोटा होता, आणि नवऱ्याला पहिल्यांदा खटकलं ते तेच. दारात बूट काढता काढता त्याने तो पायाने जरासा सरकवून बघितला.

"एवढासा? ह्यातून काय आवाज येणार? पाव भाजायचं यंत्र आणलंस की काय चुकून?"

"घरात वाजवायचाय," ती म्हणाली. "घरात किती मोठा आवाज लागतो?"

"मला विचारून घ्यायचा होतास. उगाच काहीतरी गळ्यात मारलं असेल दुकानदाराने."

ह्या माणसाला विचारून घेतलेल्या वस्तूंनी अर्धं घर भरलं होतं आणि त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या होत्या. ती खोका उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून ती खोली रिकामीच असायची.

नवरा दिवसा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. त्याची खरी ओळख मात्र ती नव्हती, निदान त्याच्या मते. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने एक बँड काढला होता. त्यात तो गायचा, आणि सगळ्यांचा आवाज कमीजास्त करायचा साउंडचा मिक्सरही त्याच्याच उजव्या हाताशी असायचा. एका हाताने माईक धरायचा आणि दुसऱ्या हाताने मिक्सरची बटणं सरकवायची, हे त्याचं कसब बघायला म्हणे लोक मुद्दाम पुढच्या खुर्च्या धरायचे. लग्नं, कंपन्यांचे वार्षिक समारंभ, शाळांची संमेलनं, सगळीकडे त्यांना बोलावणं असे. ती पहिल्या दिवसापासून बँडमध्ये होती. गिटार वाजवायची. सतरा वर्षं तिने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून, मूल सांभाळून, सासूची दुखणी काढून गिटार वाजवली. मग लोकांना फुकटातली गाणी पुरायला लागली, बोलावणी आटली आणि आठ वर्षांपूर्वी बँड बंद पडला.

आता बँडला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळे जुने लोक एकदाच, एका संध्याकाळी, एका सभागृहात वाजवणार होते. तीन आठवडे हातात होते. तिचा जुना ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं ते अवजड धूड, नवऱ्याने ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात येताना विकून टाकला होता. दोन माणसं लागायची तो उचलायला. "कुठे ठेवणार? पलंगावर?" असं त्याने विचारलं होतं.

बँडमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. कीबोर्ड वाजवणारा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा होता, तोही वहिनी म्हणे. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं होतं ते एकदाच, अकराव्या की बाराव्या वर्षी. पडद्यामागे ती तार बदलत बसली होती आणि पलीकडे कार्यक्रमाचा आयोजक कोणाला तरी सांगत होता, "ती गिटारवाली ना? लीडरची बायको आहे. म्हणून आहे." एवढंच. पण ते वाक्य तिच्या मनात जे घर करून बसलं ते निघालं नाही. ह्या एका कार्यक्रमात तिला ते पुसून टाकायचं होतं. आपण बँडमध्ये होतो ते आपल्या बोटांमुळे, हे तिला एकदा चारचौघांत सिद्ध करायचं होतं. बाकी तिला काही नको होतं.

म्हणून तिने हा ॲम्प आणला. खिशाला परवडेल असा, पंधरा दिवसांत नाही आवडला तर परत करायच्या बोलीवर. दुकानदाराने त्याला मॉडेलिंग ॲम्प म्हटलं होतं. आत एक छोटा संगणक असतो आणि तो मोठ्या, महागड्या ॲम्पांच्या नकला करतो. एका डब्यात बारा ॲम्प. तिला हसू आलं होतं, कारण बारा जणांच्या नकला करणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज असतो का, हे तिला विचारावंसं वाटलं होतं. दुकानदार घाईत होता, म्हणून विचारलं नाही.

पहिले दोन दिवस डोकं फिरायची वेळ आली. तीन नंबरचा आवाज मधमाश्या बाटलीत कोंडल्यासारखा येत होता. पाच नंबरचा एवढा गोड की दोन मिनिटांत वीट यावा. नऊ नंबरला इतका घुमारा की आधीच्या तारेचा आवाज विरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन आदळे. पण तिचं रोजचं कामच असल्या पारखण्याचं होतं. दुकानात दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत बसे आणि विचारत राही, "आता बरं दिसतंय की आधी? हे की ते?" तिने स्वतःलाच तसं बसवलं. सात नंबर की आठ? सात. टोकदारपणा कमी केलेला बरा की तसाच? कमी केलेला. घुमारा थोडा की अजिबात नको? थोडा. दुसऱ्या संध्याकाळी सात नंबरवर तिला जवळजवळ तिचा जुना ॲम्प सापडला. बोटांखाली थोडं प्लॅस्टिक लागत होतं, हे खरं. तार जोरात ओढली की जुना ॲम्प जसा अंगावर यायचा तसा हा येत नव्हता. पण कानाला खोट काढता येत नव्हती, आणि तेही एवढ्या हळू की शेजारच्या आजोबांची दुपारची झोप मोडू नये. ती खूश झाली. अगदी मनापासून, लहान मुलीसारखी खूश झाली.

त्यात आणखी एक सोय होती. फोनवरचं गाणं बिनतारी ॲम्पमध्ये सोडता येई आणि त्याच्याबरोबर आपण वाजवायचं. नवऱ्याने तेवढ्यात बँडच्या फोन-ग्रुपवर जुन्या कार्यक्रमांची चार रेकॉर्डिंग टाकली होती. त्या काळी तो मिक्सरमधूनच थेट कॅसेट भरून घ्यायचा. आता त्या कोणाकडून तरी फोनवर घेऊन आला होता. खाली लिहिलं होतं, "सगळ्यांनी घासूनपुसून तयार राहा."

तिने पहिलं रेकॉर्डिंग लावलं आणि सोबत वाजवायला लागली. आठ वर्षांनी. बोटं आधी अडखळली, मग त्यांना वाट सापडली. आणि मग तिच्या लक्षात एक चमत्कार आला. तिची जुनी गिटार आणि आताची गिटार इतकी एकमेकींत मिसळून गेली होती की वेगळी काढताच येत नव्हती. जणू एकच बाई वाजवत होती.

"त्या पाव भाजायच्या यंत्राला नावं ठेवत होतास ना," रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला म्हणाली. "माझा जुना आवाज आणि हा, फरकच कळत नाही. रेकॉर्डिंगबरोबर वाजवून बघितलं."

"हो का?" तो म्हणाला. "असेल. डाळ दे जरा."

तीन दिवस ती हवेत होती. दुकानात एका आजींना चुकीची फ्रेम दाखवली आणि स्वतःच हसली. चौथ्या दिवशी तिने फोन समोर ठेवून, रेकॉर्डिंगसकट स्वतःचं वाजवणं भरलं आणि ग्रुपवर टाकलं. सोबत लिहिलं, "ह्यात माझ्या दोन गिटार आहेत, एक वीस वर्षांपूर्वीची आणि एक आजची. ओळखा कुठली कुठे संपते." भराभर अंगठे आले, टाळ्या आल्या. कीबोर्डवाल्याने लिहिलं, "वा वहिनी, कमाल." नवऱ्याने हसरा चेहरा टाकला. ड्रमवाल्याने मात्र काहीच टाकलं नाही. एरवी तो सकाळच्या फुलांच्या चित्रालाही तीन अंगठे दाखवायचा.

शनिवारी दुपारी ती दुसऱ्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवत होती, तेवढ्यात दाराची बेल वाजली. तिने गिटार खांद्यावरून उतरवून पलंगावर ठेवली आणि गाणं तसंच चालू ठेवून बाहेर गेली. शेजाऱ्यांचं पार्सल होतं. सही केली, खोका घेतला, दार लावलं. परत खोलीच्या उंबऱ्यापाशी आली तेव्हा गाणं नेमकं तिच्या पीसपाशी आलं होतं. दोन कडव्यांच्या मधला तो तुकडा. तो बसवायला तिने सहा महिने घेतले होते, मुलीला मांडीवर निजवून, गिटार तिच्या डोक्यावरून धरून.

तो तुकडा कीबोर्डवर वाजत होता.

ती पार्सल हातात धरून उभी राहिली. पीस संपला, टाळ्या झाल्या, नवरा पुढचं कडवं गायला लागला. तिने गाणं मागे घेतलं. पुन्हा कीबोर्ड. सूर तिचेच होते, तिनेच बसवलेले, पण वाजवत होता तो कीबोर्डवाला. तिने गाणं सुरुवातीपासून लावलं आणि कान देऊन ऐकलं. ड्रम होते, कीबोर्ड होता, नवरा होता. नवऱ्याचं खाकरणंसुद्धा होतं. एका गाण्याच्या शेवटी कोणीतरी खुर्ची ओढली तो आवाज होता. गिटार नव्हती. मग तिने चारही रेकॉर्डिंग ऐकली, एका जागी बसून, फोन कानाला लावून. चारही कार्यक्रम वेगवेगळ्या वर्षांचे होते. एकाही ठिकाणी गिटारचा एक सूर नव्हता.

तेव्हा तिला कळलं की तीन दिवस जी मिसळून जाणारी दुसरी गिटार तिने ऐकली ती नव्हतीच. नसलेल्या गिटारशी आपला आवाज जुळला म्हणून ती नाचत होती, आणि ते सगळ्या गावाला दाखवूनही बसली होती. ग्रुपवरचे ते अंगठे आठवून तिचे कान गरम झाले.

तरी तिने आधी नवऱ्याच्या बाजूनेच विचार केला. पंचवीस वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही. तिचा ॲम्प मोठा होता, त्याचा आवाज सभागृहात तसाच पोचत असेल, मग मिक्सरमधून वेगळा सोडायची गरज काय, आणि म्हणून कॅसेटमध्ये आला नसेल. असं होतं, हे तिला माहीत होतं. क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्याच क्षणी आठवलं. प्रत्येक कार्यक्रमाला तो तिला बजावायचा, "तू तुझा ॲम्प दोनवर ठेव. तुझ्यापुरता. बाकीचं मी मिक्सरवरून उचलतो." ॲम्पसमोर एक माईक लावलेला असायचा. दोनवरचा तो आवाज तिच्या पाठीत यायचा, आणि तिला वाटायचं की हाच पुढे शेवटच्या रांगेपर्यंत जातोय.

तिने ड्रमवाल्याला फोन लावला. तो आता शाळेची व्हॅन चालवायचा. शनिवारी मोकळा असायचा.

"बोला वहिनी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं की तो ह्या फोनची वाट बघत होता.

"माझं बटण मिक्सरवर खाली असायचं का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"खरं सांग. मी रडणार नाहीये."

"असायचं," तो म्हणाला. "तिसऱ्या का चौथ्या कार्यक्रमापासून. वर चिकटपट्टी लावलेली होती. चुकून हात लागून वर जाऊ नये म्हणून."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"कीबोर्डवाल्याला सांगावंच लागलं ना. तुमचे पीस त्याला घ्यायला लागायचे. मग मला कळलं. बाकीचे येत-जात राहिले, त्यांना कोणी ना कोणी सांगितलं असेल. वहिनी, मी दोनदा विषय काढला होता. तो म्हणाला, माझ्या घरातलं मी बघतो. मग मी कशाला बोलू?"

"मूग गिळून बसलास."

"बसलो," तो म्हणाला. त्याने सबब दिली नाही, एवढं खरं.

मग तिने तिला खरं विचारायचं होतं ते विचारलं. "तू तर माझ्या ॲम्पला चिकटून बसायचास. मी कशी वाजवायचे रे?"

"वहिनी, समोर ड्रम बडवत असताना मला माझंच नीट ऐकू येत नव्हतं. छान वाजवायचात असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण खोटं कशाला बोलू?"

तिने फोन ठेवला. गिटार पलंगावर तशीच पडली होती आणि ॲम्पचा छोटा दिवा चालू होता. तिने तो बंद केला.

नवरा संध्याकाळी साडेसहाला आला. हातपाय धुऊन चहाला बसला. तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"माझं बटण सतरा वर्षं खाली होतं."

तो दचकला नाही. तिला ते सगळ्यात जास्त लागलं. त्याने फुंकर मारून एक घोट घेतला. "कोण म्हणालं?"

"तूच पाठवलेल्या कॅसेट म्हणाल्या."

"अच्छा," तो म्हणाला, आणि खरंच थोडा विचारात पडला. "मला वाटलं तुला माहीत असेल. म्हणजे, नंतर तरी कळलं असेलच."

"कसं कळणार?"

"अगं, तो पहिल्या वर्षीचा कार्यक्रम आठवतो? शाळेचा. तुझा ताल सुटला होता, पार दोन मात्रा पुढे गेली होतीस. सगळे बघायला लागले. पुढच्या वेळी म्हटलं, जरा खाली ठेवू. तुझा धीर खचायला नको. तुझ्यासाठीच केलं मी ते."

"आणि त्याच्या पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी सगळं नीट झालं. मग कोण कशाला हात लावतो? चाललं होतं ना छान. तूही खूश होतीस."

तो खोटं बोलत नव्हता. ती खूश होती. साडीला मॅचिंग गिटारचा पट्टा शिवून घेण्याइतकी खूश होती. तेवढ्यानेच तिचा संताप झाला. पण ती आवाज न चढवता बोलली.

"नंतर मी सुधारले का?"

"सुधारलीस की. खूपच."

"तुला कसं कळलं?"

त्याने कप टेबलावर गोल फिरवला. चहावर साय धरली.

"घरी वाजवायचीस ना," तो शेवटी म्हणाला.

"घरी मी ॲम्प न लावता वाजवायचे. दार बंद करून. तुझा रियाज चालायचा म्हणून."

"तुला आता नेमकं काय हवंय?" त्याने कप बाजूला सारला. "झालं ते झालं. आता त्याची मापं काढून काय मिळणार?"

तिला जे हवं होतं ते आता कोणी देऊ शकत नव्हतं. ती चांगली वाजवायची असं त्याने म्हटलं असतं तरी त्याला काही किंमत नव्हती आणि वाईट वाजवायची म्हटलं असतं तरी नव्हती, कारण त्याने ऐकलंच नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं. आयोजकाचं ते वाक्य खरं होतं की खोटं, हे ठरवायला जगात पुरावा म्हणून एक सूर शिल्लक नव्हता. चुकलेला का होईना, बेसूर का होईना, तिला एकदा ऐकायचा होता. पडद्यामागच्या त्या माणसाचा राग करण्यात तिने एवढी वर्षं घालवली. तो बिचारा जे दिसलं ते बोलला होता. स्टेजवर एक बाई हातात गिटार घेऊन उभी आहे आणि गिटार काही ऐकू येत नाही, मग ती कोणाची तरी बायकोच असणार.

"ठीक आहे," नवरा म्हणाला. हिशेब मिटवल्यासारखा त्याने टेबलावर हात आपटला. "ह्या वेळी तुला फुल ठेवतो. वरपर्यंत. झालं समाधान?"

पुढचे दोन आठवडे ती रोज दुकानातून आल्यावर वाजवत राहिली. ॲम्प परत करायची मुदत येऊन गेली, तिने परत केला नाही. कार्यक्रमाला जाऊच नये असं तिच्या मनात आलं होतं. पण न जाण्याचा अर्थ कसा लावला जाईल हे तिला ठाऊक होतं. वहिनी रुसल्या, असं म्हणतील आणि कीबोर्डवाला पीस सांभाळून घेईल. तिचं नसणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यापेक्षा वाजवलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर, एवढं होऊनही तिला फुल म्हणजे काय ते ऐकायची ओढ होती. स्वतःची लाज वाटावी इतकी ओढ होती.

कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता ती सभागृहात पोचली. ॲम्प तिने एका हातात आणला. नवऱ्याने तो एका खुर्चीवर ठेवला, समोर माईक लावला आणि मिक्सरपाशी जाऊन म्हणाला, "वाजव."

तिने पीस वाजवायला सुरुवात केली. त्याने बटण हळूहळू वर नेलं आणि गिटार तिच्या पाठीतून निघून समोर गेली, रिकाम्या खुर्च्यांवरून, पार मागच्या भिंतीपर्यंत. तिथून ती परत आली. हे एवढं मोठं होतं तर. हे सतरा वर्षं बाकीच्या सगळ्यांना मिळत होतं.

"बास, बास," नवरा दुसऱ्याच ओळीला म्हणाला आणि हसत कीबोर्डवाल्याकडे वळला. "बघितलंत ना? आज वहिनींना फुल आवाज द्यायचाय. हट्टच आहे तसा. कानात बोळे घालून बसा."

कीबोर्डवाला हसला. झांजेचा स्टँड घट्ट करण्याच्या निमित्ताने ड्रमवाला खाली वाकला. नवरा स्वतःच्या माईकपाशी गेला आणि पुढचा पाऊण तास तो तिथेच होता, एक-दोन, एक-दोन, घुमारा जास्त, घुमारा कमी.

ती पडद्यामागे बसली. पाणी प्यायली. रडू येत नव्हतं. एकच गोष्ट सारखी टोचत होती. बटण वर असो की खाली, हा माणूस आज तरी ऐकणार आहे का? तेवढं कळलं असतं तर बाकी सगळं एक वेळ तिने पोटात घातलं असतं.

सहाला पडदा उघडायच्या आधी ती खुर्चीवरच्या ॲम्पपाशी गेली. पर्समधून हेडफोन काढले. हल्ली वाजवणाऱ्यांच्या कानात काही ना काही असतंच, कोणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. ह्या ॲम्पची रीत अशी होती की हेडफोनची पिन आत गेली की स्पीकर बंद. आवाज फक्त कानात. तिने पिन आत सारली. ॲम्पसमोर माईक तसाच होता, मिक्सरवर बटण अगदी वरपर्यंत होतं. तिने एक कान झाकला, एक उघडा ठेवला.

दोन तास ती वाजवत राहिली. उघड्या कानात बँड होता आणि झाकलेल्या कानात ती होती. सात नंबर, टोकदारपणा कमी, घुमारा थोडा. पहिल्या गाण्यात तिच्या पीसची वेळ आली तेव्हा कीबोर्डवाल्याने एक ओळ वाट बघितली, मग जुन्या सवयीने स्वतःच तो घेतला आणि पुढच्या कुठल्याही गाण्यात तो थांबला नाही. ड्रमवाल्याने मात्र मान वळवून आधी तिच्याकडे, मग तिच्या ॲम्पकडे आणि पिनेकडे बघितलं. मग खाली मान घालून तो ठेका देत राहिला. नवरा गात होता. उजवा हात मधूनमधून मिक्सरवर जात होता, कीबोर्ड कमी, ड्रम जरा जास्त. तिच्या बटणाला त्याने हात लावला नाही. दुसरं गाणं तिचं अवघड होतं, ते एकही मात्रा न ढळता पार पडलं. चौथ्यात एक सूर चुकला. तिला तो स्पष्ट ऐकू आला आणि चुकीचंही तिला अप्रूप वाटलं. सतरा वर्षांत आपण कसे वाजवत होतो ते तिला कधीच कळणार नव्हतं, पण आजचं तिला पूर्ण माहीत होतं.

लोक उठून उभे राहिले, टाळ्या झाल्या. बरेच जण स्टेजवर आले. एक गृहस्थ तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, तुमची गिटार अजून तशीच आहे हो." ती आभार मानून मोकळी झाली.

नवरा गळ्याभोवतीच्या टॉवेलने तोंड पुसत तिच्याकडे आला. चेहरा फुललेला होता.

"बघ, ठेवलं की नाही फुल? शब्द पाळला."

"कशी झाली माझी गिटार?" तिने विचारलं.

"छान झाली. अगदी भरून येत होती." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, बाकीच्यांनी ऐकू नये म्हणून. "फक्त खरं सांगू? दुसऱ्या गाण्यात तू जरा पुढे पळत होतीस. पण असू दे. लोकांना काही कळलं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत तिला लबाडी सापडली नाही. त्याने ते ऐकलं होतं, अशी त्याची स्वतःची खात्री होती.

"बरं," ती म्हणाली. मग तिने पिन काढली, केबल गुंडाळली, ॲम्प उचलला आणि रिक्षा बघायला एकटीच खाली गेली.